शाळेपासून शंभर वार

आमच्या घरीं अद्यापि एकत्र कुटुंब नांदत आहे. तीन पिढ्यांचीं माणसें एका चुलीचें अन्न जेवतात, आणि घरांत कपडे धुण्याचें यंत्र आल्यापासून सर्वांचे कपडेही एकत्रच त्यांत पडतात. ते यंत्रांत टाकण्यापूर्वीं खिसे तपासून पाहण्याचें काम धाकट्या सूनबाईंकडे असतें. गेल्या मार्गशीर्षांत एके सकाळीं आमच्या दिवंगत धाकट्या बंधूंच्या नातवाच्या शाळेच्या सदऱ्यांतून त्यांच्या हातीं प्लॅस्टिकच्या पन्नीची एक पुडी लागली. आंत बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला ओलसर चुरा होता. आमच्या यवतमाळाकडे व नागपुराकडे यास खर्रा म्हणतात. पुण्याकडील वाचकांस मावा हा शब्द अधिक परिचयाचा असेल. मुलाचें वय बारा, इयत्ता सातवी.

सूनबाईंनीं ती पुडी आमच्या भावजयीच्या हातीं दिली. भावजयीनें ती आमच्यापुढें आणून ठेवली आणि एक अक्षर न बोलतां ती देवघरांत निघून गेली. तिच्या त्या न बोलण्याचा अर्थ घरांतील प्रत्येकास ठाऊक होता. आमचे बंधु सहा वर्षांपूर्वीं तोंडाच्या कर्करोगानें गेले. प्रथम त्यांचें तोंड तीन बोटें उघडे, मग दोन, मग एक. पुढें नागपुरास शस्त्रक्रिया झाली, अर्धा जबडा गेला, आणि अखेरचे चार महिने नाकांतील नळीवाटे पेज घालावी लागे. बोलणें बंद झाल्यावर ते पाटीवर लिहून दाखवीत. ती पाटी याच नातवाची होती. तो तेव्हां पहिलींत होता, व आजोबांचें लिहून झालें कीं ओल्या फडक्यानें पाटी पुसून देण्याचें काम त्यानें मोठ्या निष्ठेनें केलें होतें.

मुलाच्या वडिलांचा हात उगारलेला आम्हींच धरला. चाळीस वर्षें मास्तरकी केल्यावर एवढें तरी कळतें, कीं मार खाल्लेला मुलगा पुडी लपविण्यास शिकतो, सोडण्यास नव्हे. आम्हीं त्यास जवळ बसवून एवढेंच विचारलें, कीं ही कोठून आणलीस. तो म्हणाला, “शाळेजवळच्या ठेल्यावरून. तेथें सगळेच घेतात.” हें ‘सगळेच’ ऐकून आमच्या छातींत धस्स झालें.

येथून पुढील हकीकत कायद्याची आहे. आम्ही वकील नाहीं, मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि वडिलांपाशीं घरींच थोडें संस्कृत घोकलेले प्राथमिक शिक्षक आहों. परंतु निवृत्तीनंतर हातीं वेळ असतो. त्या वेळाचा उपयोग आम्हीं या प्रकरणीं नियमांचीं पुस्तकें वाचण्यांत केला, आणि जें कळलें तें आमच्यासारख्याच इतर घरांच्या उपयोगीं पडेल म्हणून लिहीत आहों.

आपल्या देशांत सन २००३ मध्यें सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांसंबंधीं एक मध्यवर्ती कायदा झाला. त्याच्या चवथ्या कलमानें सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपानास बंदी आहे, पांचव्यानें जाहिरातीस, आणि सातव्यानें वेष्टनावर धोक्याची सूचना छापणें आवश्यक केलें आहे. आमच्या कामाचें कलम सहावें. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखूचा कोणताही पदार्थ विकूं नये, आणि कोणत्याही शिक्षणसंस्थेपासून शंभर वारांच्या आंत तो मुळीं कोणासच विकूं नये, असें तें सांगतें. आजच्या मापानें शंभर वार म्हणजे ९१ मीटर आणि ४४ सेंटिमीटर. सरकारनें शाळांसाठीं केलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर या अंतरावर पिवळी रेघ आंखावी असेंही म्हटलें आहे.

आमच्या गांवच्या शाळेपाशीं रेघ नव्हती. ठेला होता. आम्ही, मुलाचे वडील आणि शेजारचे एक निवृत्त ओव्हरसियर असे तिघे एका रविवारीं टेप घेऊन गेलों. फाटकापासून रस्त्यारस्त्यानें मापलें तेव्हां अंतर एकशें चार वार भरलें. ठेलेवाला शांतपणें पाहत होता. त्यानें हें माप पूर्वींच घेऊन ठेवलें असावें. आम्ही खालीं मान घालून घरीं आलों. पण रात्रीं पुनः नियम उघडून पाहिले तेव्हां दिसलें, कीं अंतर रस्त्यानें मोजावयाचें नसून संस्थेच्या बाहेरील भिंतीपासून किंवा कुंपणापासून सरळ, त्रिज्येप्रमाणें मोजावयाचें आहे. भूमितींत वर्तुळ शिकवितांना आम्ही मुलांस त्रिज्येचें व्यवहारांतील उदाहरण म्हणून विहिरीचें उदाहरण देत असूं. हें उदाहरण अधिक चांगलें झालें असतें. दुसऱ्या दिवशीं मागील भिंतीपासून सरळ टेप लावली. त्रेसष्ट वार.

तक्रार कोणाकडे करावी हा यापुढचा प्रश्न, आणि त्यांत दोन महिने गेले. एका कचेरीनें सांगितलें, हें काम अन्नाच्या खात्याचें. दुसरीनें सांगितलें, पोलिसांचें. तिसरीनें अर्ज घेऊन पोच दिली व मग मौन धारण केलें. या कलमाचा भंग केल्यास दंड जास्तींत जास्त दोनशें रुपये आहे. मुलांच्या बाबतींत मात्र एक कठोर शस्त्र कायद्यानें आणखी दिलें आहे, आणि तें पुष्कळांस ठाऊक नसतें. सन २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणें मुलास तंबाखूचा पदार्थ देणें किंवा देवविणें यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. ‘देणें किंवा देवविणें’ हे शब्द वाचतांना आम्ही थबकलों. त्याचें कारण पुढें येईल.

तंबाखूस मनाई करणारी सत्ता कांहीं आजची नाहीं. हें पीक मूळ अमेरिकेचें. पोर्तुगीजांनीं तें सोळाव्या शतकांत आपल्या किनाऱ्यास आणलें. असद बेग नांवाच्या सरदारानें विजापुराहून तंबाखू व चिलमीचें साहित्य अकबराच्या दरबारीं नेलें. म्हणजे उत्तरेस हें व्यसन पोहोंचविण्याचा मान आपल्या दक्षिणेकडे जातो. त्याच सुमारास, सन १६०४ मध्यें, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें तंबाखूविरुद्ध स्वतः एक निबंध लिहिला होता. १६१७ मध्यें जहांगिरानें तंबाखू ओढण्यास मनाई केली. इराणच्या शहा अब्बासानेंही तसेंच केलें. दोन बादशहांनीं मनाई केली, एका ग्रंथकार राजानें निषेध केला, आणि तंबाखू घरोघर गेली. या मनाया ओढणाऱ्यावर होत्या. विकणाऱ्याकडून मात्र राजे कर घेत राहिले.

आमच्या काहीं स्नेह्यांचें म्हणणें असतें, कीं चरकानेंही धूमपान सांगितलें आहे, मग तुम्ही कशाला ओरडतां. चरकसंहितेंत धूमपान आहे हें खरें. परंतु तें औषधी द्रव्यांच्या वर्तीचें आहे आणि वेळकाळ पाहून करावयाचें आहे. जी वनस्पति त्या काळीं या भूमींत नव्हतीच तिचें समर्थन चरकाकडून कसें मिळणार? आपल्या त्रयोदशगुणी विड्याचीं द्रव्यें आठवून पाहावीं. पान, सुपारी, चुना, कात, लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, कंकोळ, केशर, कापूर वगैरे. त्यांत तंबाखू नाहीं. पण येथें आम्हांस आपल्या घरच्या तबकाचाही पक्षपात करतां येत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत खुद्द सुपारीचाच कर्करोगकारक द्रव्यांत समावेश केला आहे. तोंड उघडेनासें होण्याचा जो विकार आमच्या बंधूंस प्रथम झाला, त्याचें मूळ मुख्यतः सुपारींतच असतें. ही गोष्ट डॉक्टरांनीं सांगितली तेव्हां आमच्या भावजयीनें घरांतील अडकित्ता उचलून माळ्यावर टाकला. तो अजून तेथेंच आहे.

बादशहांच्या मनाईपेक्षां आजचा कायदा निराळा कसा झाला, हें समजून घेण्यासारखें आहे. न ओढणाऱ्या माणसाच्या हक्कावरून या कथेस वळण लागलें. केरळांत एका प्राध्यापिकाबाईंस दररोजच्या प्रवासांत दुसऱ्याच्या धुराचा त्रास होई. १९९९ च्या जुलै महिन्यांत केरळच्या उच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपान करणें हें घटनेच्या एकविसाव्या कलमानें दिलेल्या जीविताच्या हक्काविरुद्ध आहे. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांनीं हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें नेला. २ नोव्हेंबर २००१ रोजीं न्यायमूर्ति शहा व न्यायमूर्ति सेठी यांनीं इस्पितळें, शाळा, ग्रंथालयें, न्यायालयें, कचेऱ्या, सभागृहें आणि आगगाड्यांसह सार्वजनिक वाहनें या ठिकाणीं धूम्रपान बंद करण्याची आज्ञा दिली. जो ओढत नाहीं त्याचें आयुष्य दुसऱ्याच्या कृत्यानें कां कमी व्हावें, असा त्या निकालाचा सरळ रोख होता. पुढें २ ऑक्टोबर २००८ पासून यासंबंधींचे नवे नियम देशभर लागू झाले. यवतमाळाहून नागपुरास जाणाऱ्या एस.टी.च्या गाडींत पूर्वीं विडीच्या धुरानें डोळे चुरचुरत. आमच्या नातवंडांनीं गाडींत विडी ओढणारा मनुष्य पाहिलेला नाहीं. कायद्यानें कांहीं होत नाहीं असें म्हणणाऱ्यांस आम्ही हें उदाहरण देतों.

तथापि आपल्या महाराष्ट्राचें दुखणें धुराचें नाहीं, चघळण्याचें आहे. २००९-१० च्या देशव्यापी पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा ३१.४ लोक कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू घेत होते. २०१६-१७ च्या पाहणींत हें प्रमाण २६.६ वर आलें. परंतु या दुसऱ्या पाहणींत ओढणारे शेंकडा अवघे ३.८ आणि तोंडांत तंबाखू ठेवणारे २४.४ होते. स्त्रियांतही शेंकडा १७ तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. ज्या घरांत विडीकडे तुच्छतेनें पाहिलें जातें त्याच घरांत न्हाणीघराच्या कोनाड्यांत मिश्रीची डबी असते, आणि ती दांतांसाठीं आहे असें सर्वजण समजतात.

म्हणून महाराष्ट्र सरकारनें २००२ सालींच गुटखा व पानमसाला यांवर पांच वर्षांची बंदी घातली होती. गोदावत या उत्पादकांच्या प्रकरणांत ती सर्वोच्च न्यायालयांत गेली व २ ऑगस्ट २००४ रोजीं रद्द झाली. न्यायालयानें गुटखा चांगला म्हटला असें नव्हे. अन्नभेसळीच्या जुन्या कायद्याखालीं प्रांतिक अधिकाऱ्यास असलेली सत्ता तात्पुरत्या व स्थानिक संकटापुरती आहे, एखादा पदार्थ कायमचा बंद करण्याची नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. हेतु चांगला असला तरी अधिकार नसेल तर आज्ञा टिकत नाहीं. हें वाचून प्रथम आम्हांस राग आला. मागाहून वाटलें, कीं जो दंड नियमानें बांधलेला नाहीं तो आज तंबाखूवाल्यावर पडेल व उद्यां आपल्यावर. मनूपासून कौटिल्यापर्यंत सर्वांनीं दंडाची थोरवी गाइली आहे, पण अविचारानें उगारलेला दंड उगारणाऱ्यावरच उलटतो हेंही त्यांनींच सांगून ठेवलें आहे.

दार बंद झालें तेव्हां खिडकी सांपडली ती २०११ सालीं. अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याखालीं त्या वर्षीं जे विनियम लागू झाले त्यांत एक लहानसें वाक्य आहे, कीं कोणत्याही अन्नपदार्थांत तंबाखू किंवा निकोटीन हा घटक म्हणून घालतां येणार नाहीं. गुटखा खाण्याचा पदार्थ आहे असें मानलें कीं काम झालें. १ एप्रिल २०१२ रोजीं मध्यप्रदेशानें या आधारें बंदी घातली, व त्याच वर्षीं जुलै महिन्यांत महाराष्ट्रानें. ही आज्ञा एक वर्षापुरतीच देतां येत असल्यामुळें ती दरवर्षीं नव्यानें काढण्याचा प्रघात पडला. पुढें सुगंधी तंबाखू, खर्रा, मावा यांचींही नांवें तींत आलीं. तेव्हां उत्पादकांनीं युक्ति काढली. एका पुडींत पानमसाला, दुसरींत तंबाखू, दोन्ही एकाच दोरीवर टांगलेल्या. मिसळण्याचें काम गिऱ्हाइकानें तळहातावर करावें! सप्टेंबर २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयास यावरही आज्ञा द्यावी लागली. चोरटी आयात अजून चालते, आणि गुटख्याचे ट्रक पकडल्याच्या बातम्या आमच्या जिल्ह्याच्या पानावर येतच असतात. खर्रा तर कारखान्यांत होतच नाहीं. तो ठेल्यावर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घोटला जातो. त्यास ना वेष्टन, ना त्यावर चित्र. १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टनाचा शेंकडा ८५ भाग रोगाच्या चित्रानें व सूचनेनें व्यापलेला असावा असा नियम आहे. कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानें तो रद्द ठरविल्यावर जानेवारी २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या निकालास स्थगिति दिली व नागरिकांचें आरोग्य व्यापारापेक्षां श्रेष्ठ मानलें. पण आमच्या नातवाच्या खिशांतील पन्नी कोरी होती.

परदेशांतील एक कथा आम्हांस फार आवडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. दक्षिण अमेरिकेंत उरुग्वे नांवाचा लहानसा देश आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या खानेसुमारींत सुमारें २७ लाख ७२ हजार होती; उरुग्वे देशाची सगळी मिळून ३४ लाखांच्या आसपास. या चिमुकल्या देशानें सिगारेटच्या वेष्टनाचा शेंकडा ८० भाग सूचनेस राखून ठेवला आणि एका नांवाची एकाच प्रकारची सिगारेट विकावी, ‘सौम्य’ वगैरे भेद करून लोकांस फसवूं नये, असा नियम केला. फिलिप मॉरिस या बलाढ्य कंपनीनें २०१० सालीं त्यास आंतरराष्ट्रीय लवादापुढें खेंचलें. आधार काय, तर स्वित्झर्लंड व उरुग्वे यांच्यांतील भांडवलाच्या संरक्षणाचा एक जुना करार. सहा वर्षें वाद चालला. जुलै २०१६ मध्यें कंपनी हरली, आणि उरुग्वेच्या खर्चापोटीं सत्तर लाख डॉलर भरण्याची पाळी तिच्यावर आली. ऑस्ट्रेलियानें २०१२ पासून सिगारेटच्या वेष्टनावरील रंग व चिन्हें काढून टाकलीं, तेव्हां तेथेंही याच कंपनीनें लवाद मांडला होता. तोही टिकला नाहीं.

या सर्वांच्या पाठीशीं एक आंतरराष्ट्रीय करार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनें तो २१ मे २००३ रोजीं जिनीव्हा येथें संमत केला. हिंदुस्थाननें फेब्रुवारी २००४ मध्यें त्यास मान्यता दिली, व २७ फेब्रुवारी २००५ पासून तो अमलांत आला. आज १८० हून अधिक राष्ट्रें त्यांत आहेत. त्याच्या प्रस्तावनेंत १९६६ च्या मानवी हक्कांच्या कराराचें बारावें कलम, म्हणजे मिळवितां येण्यासारख्या उत्तमांतील उत्तम आरोग्याचा प्रत्येकाचा हक्क, आणि त्याचबरोबर स्त्रियांच्या व बालकांच्या हक्कांचे करारही उद्धृत केले आहेत. मार्च २०१८ मध्यें केप टाउन येथील परिषदेनें तर तंबाखूचें उत्पादन व विक्री हीं मानवी आरोग्याच्या हक्काशीं विसंगत आहेत असें जाहीर केलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानें तंबाखूमुळें दरवर्षीं सत्तर लाखांवर माणसें मरतात. आपल्या देशांतील आंकडा साडेतेरा लाखांच्या घरांत सांगितला जातो.

येथें एक आक्षेप येतो, व तो सुशिक्षित घरांतच अधिक ऐकूं येतो. माझें तोंड, माझा पैसा, मी काय खावें हें सरकारनें कां सांगावें? हाही हक्कच नव्हे काय? आम्ही हा आक्षेप हंसण्यावारी नेत नाहीं. पण आमच्या जुन्या अभ्यासांतील एक गोष्ट या ठिकाणीं आठवते. पाणिनीनें कर्त्याची व्याख्या करतांना स्वातंत्र्य हेंच त्याचें लक्षण सांगितलें आहे. जो क्रियेंत स्वतंत्र तो कर्ता. आतां सातवींतला मुलगा पहिली पुडी घेतो तेव्हां तो मित्रांच्या भीडेनें घेतो, आणि वीस वर्षांनंतर तोच मनुष्य पहांटे डोळे उघडण्यापूर्वीं उशाखालीं पुडी चांचपतो तेव्हां ती निकोटीन घेववितें. पहिल्या वेळीं तो अज्ञान, नंतर तो परतंत्र. मधल्या काळांत तो कर्ता केव्हां होता, हें आम्हांस कोणी दाखवून द्यावें. आमच्या बंधूंनीं पाटीवर एकदां लिहिलें होतें, “सोडावी असें रोज वाटे.”

तरीसुद्धां नुसत्या बंदीनें सर्व साधतें असें आम्ही म्हणणार नाहीं. भूतान देशानें २००४ सालीं तंबाखूची विक्रीच बंद केली. चोरटा व्यापार बळावला, व २०२१ सालीं तो कायदा सैल करावा लागला. न्यूझीलंडनें २००९ पासून पुढें जन्मलेल्यांस कधींच तंबाखू विकूं नये असा कायदा २०२२ मध्यें केला आणि २०२४ मध्यें नव्या सरकारनें तो अमलांत येण्यापूर्वींच मोडला. आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील दारूबंदी २०१५ सालीं आली व २०२१ सालीं गेली. त्यापलीकडील गडचिरोलींत डॉ. अभय बंग व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें सरकारच्या साहाय्यानें ‘मुक्तिपथ’ ही दारू व तंबाखू या दोहोंविरुद्धची जिल्हाव्यापी चळवळ चालविली आहे. तेथें गांवानें ठराव करावा, गांवानेंच पाळावा, आणि ज्यास सोडावयाचें त्यास उपचार मिळावे, अशी दिशा आहे. आम्हांस ती कायद्याची बहीण वाटते.

आणखी एक अडचण आमच्या जिल्ह्याची स्वतःची आहे. केळापूर, झरी-जामणी, घाटंजी या तालुक्यांच्या रानांत कोलाम आणि गोंड बंधुभगिनी भर उन्हाळ्यांत तेंदूपत्ता तोडतात. पावसाळ्यापूर्वीं हातीं रोकड पैसा येण्याचें त्यांचें तें एक मुख्य साधन. त्या पानाची विडी होते. विडी बंद करा असें चौकांत उभें राहून सांगणें आम्हांस पेन्शनीमुळें सोपें आहे. आंतरराष्ट्रीय कराराच्या सतराव्या कलमांत तंबाखूवर पोट असलेल्या कामगारांस व शेतकऱ्यांस दुसरें साधन मिळवून द्यावें असें लिहिलें आहे. विडी वळणाऱ्यांसाठीं १९६६ चा निराळा कायदाही आपल्याकडे आहे. आरोग्याचा हक्क सांगणारांनीं हें सतरावें कलम सहाव्या कलमाइतक्याच मोठ्यानें वाचलें पाहिजे. अजून तें हळूच वाचलें जातें.

आतां ठेल्याकडे परत येऊं. मार्च महिन्यांत शाळेच्या समितीनें आमच्या अर्जावर ठराव केला, पोलिसांचा एक मनुष्य येऊन त्रेसष्ट वारांची खात्री करून गेला, आणि ठेलेवाल्यास जागा सोडण्याविषयीं सांगण्यांत आलें. त्या संध्याकाळीं तो आमच्या घरीं आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला. तो आमचाच विद्यार्थी. त्याच्या वडिलांचाही ठेला पूर्वीं शाळेच्या फाटकाशींच असे. बराच वेळ खालीं पाहून तो म्हणाला, “गुरुजी, तवा तं तुमीच पोरायले धाडत होते आमच्या बापाच्या ठेल्यावर. मीच कितीकदा आणून देली तुमाले तंबाखू.”

यास उत्तर नव्हतें. १९९० च्या सुमारास आम्ही तंबाखू खात होतों. मधल्या सुटींत वर्गांतील एखाद्या चलाख मुलास आठ आणे देऊन धाडीत असूं. चुना जास्त घेऊन ये, असेंही सांगत असूं. त्या मुलांस तो मान वाटे. बंधूंचें दुखणें निघालें त्या दिवशीं आम्हीं ती सोडली. बंधूंनीं ती प्रथम कोणाच्या डबींतून घेतली होती, हें आमच्या घरांत कोणी उच्चारीत नाहीं. ‘देणें किंवा देवविणें’ या शब्दांवर आम्ही कां थबकलों होतों, तें आतां वाचकांच्या ध्यानांत येईल. कायदा २०१५ चा आहे व आमचें कृत्य त्यापूर्वींचें, म्हणून आम्ही सुटलों, एवढेंच.

आम्हीं त्यास सांगितलें, कीं तूं म्हणतोस तें खरें आहे, आणि तरीही ठेला हलविला पाहिजे. तो उठतांना नेहमींप्रमाणें वांकून पायां पडला; आम्हांस तें नको होतें. शाळेंत पिवळी रेघ आंखली गेली त्या दिवशीं मुख्याध्यापकांनीं आम्हांस चार शब्द बोलण्यास सांगितलें. आम्हीं भाषण केलें नाहीं. मुलांस ही ठेल्याची व डबीची हकीकत होती तशी सांगितली. आमचा नातू तिसऱ्या रांगेंत बसला होता. घरीं आल्यावर तो त्याविषयीं कांहीं बोलला नाहीं, परंतु रात्रीं आपल्या आजीशेजारीं जाऊन निजला. त्यानंतर खिशांत पुडी सांपडलेली नाहीं. सूनबाई खिसे अजूनही पाहतात.

ठेला सध्यां बाजाराच्या वळणावर आहे. नातवाच्या गणिताच्या शिकवणीचा वर्ग तेथून तीस पावलांवर भरतो. खासगी शिकवणी ही कायद्याच्या भाषेंत शिक्षणसंस्था ठरते किंवा कसें, हें आम्ही नियमांच्या पुस्तकांत पाहत आहों, आणि ओव्हरसियरसाहेबांची टेप अजून आमच्याच घरीं आहे.